फ्लूची लस, जखडलेला खांदा आणि भरपाईचा दावा : माझा अनुभव (अमेरिका)

अबोली_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. साडेतीन वर्षं चाललेलं एक प्रकरण या महिन्यात संपलं. निकाल लागेपर्यंत कुठे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आज सगळं लिहिते आहे. लांब होईल, पण वाचा. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हे दुखणं झालेलं असतं आणि त्याला नाव आहे हेच माहीत नसतं.

ऑक्टोबर २०२१. ऑफिसातून येताना घराजवळच्या एका फार्मसीत फ्लूची लस घेतली. दरवर्षी घेते. अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता होता, बाही वर सरकेना, म्हणून गळा एका बाजूला ओढून खांदा उघडा केला. मी खुर्चीत, लस देणारी उभी. सुई गेली ती दंडाच्या मांसात नाही, पार वर, खांद्याच्या हाडाला लागून. कळ आली तेव्हाच वाटलं की हे नेहमीसारखं नाही. रात्री त्या कुशीवर झोपता आलं नाही. सकाळी उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

घरी-दारी सगळ्यांनी एकच सांगितलं, इंजेक्शन आहे, दोन दिवस दुखणारच. मलाही तसंच वाटलं. शेक घेतला, तेल लावलं, गोळ्या खाल्ल्या. दिवाळी आली. सोऱ्या फिरवता येईना म्हणून त्या वर्षी आमच्याकडे चकली झाली नाही. केस बांधता येईनात, पाठीमागचं हूक लावता येईना. नवरा रोज सकाळी माझी वेणी घालायचा आणि मग कामाला जायचा.

डॉक्टरकडे गेले ती सात आठवड्यांनी. आणि इथे माझी मोठी चूक झाली. डॉक्टरांनी विचारलं, कितपत दुखतंय? मी आपली सवयीप्रमाणे म्हटलं, 'थोडं दुखतं, तसं ठीक आहे.' लसीचं बोलले की नाही ते आज नीट आठवत नाही. कागदावर आलं ते एवढंच : उजव्या खांद्यात सौम्य दुखणं, काही आठवड्यांपासून. लस नाही, तारीख नाही. त्या एका ओळीपायी पुढे माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं.

पुढे ऑर्थोपेडिककडे गेले. एमआरआयमध्ये बर्साला, म्हणजे खांद्यातल्या पातळ पिशवीला, सूज निघाली, आणि तोवर खांदा पुरता आखडला होता. एक स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग फिजिओथेरपी, एकूण २२ वेळा. पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने विचारलं, हे लसीनंतर सुरू झालं का? तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तिच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लस घेतली त्याच रात्रीपासून'. ते वाक्य किती मोलाचं ठरणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

या दुखण्याला इथे 'सर्वा' म्हणतात, म्हणजे लस टोचताना झालेली खांद्याची इजा. त्यासाठी फार्मसीवर किंवा कंपनीवर खटला भरायचा नसतो. केंद्र सरकारचा व्हॅक्सिन इंजुरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम आहे, थोडक्यात व्हीआयसीपी. दावा वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये जातो. समोरचा पक्ष असतो सरकारचा आरोग्य विभाग आणि निर्णय देतो 'स्पेशल मास्टर' नावाचा न्यायाधिकारी. कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही.

मार्च २०१७ पासून ही इजा कायद्याच्या अधिकृत तक्त्यात, म्हणजे भरपाई मिळणाऱ्या इजांच्या यादीत आहे. त्याच्या अटी मला आता तोंडपाठ आहेत. त्या खांद्याला आधी दुखणं, सूज किंवा अडचण नसावी. दुखणं लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. दुखणं आणि हालचालीतली अडचण लस घेतलेल्या खांद्यापुरतीच असावी. आणि मानेच्या नसेसारखं दुसरं कारण निघता कामा नये. याशिवाय त्रास लसीनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. अर्जाची मुदत पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं.

माझ्या बाबतीत सरकारी वकिलांचा आक्षेप एकच होता : ४८ तासांत सुरू झालं याचा पुरावा कुठे आहे? पहिल्या डॉक्टरांच्या कागदात तर काहीच नाही. तेव्हा तीन गोष्टी उपयोगी पडल्या. फिजिओचा तो फॉर्म. नवऱ्याचं शपथपत्र, त्यात वेणीचंसुद्धा लिहिलं होतं. आणि लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला बहिणीला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप : 'काल फ्लूची लस घेतली, आज हात वरच जात नाहीये गं.' तो मराठी निरोप प्रमाणित भाषांतर करून कोर्टात जोडला. स्पेशल मास्टरांनी सगळं एकत्र धरून माझ्या बाजूने निकाल दिला.

भरपाई मिळाली वेदना आणि त्रासापोटी ८२ हजार डॉलर, शिवाय खिशातून गेलेला उपचारांचा खर्च. मला यात वकिलाला एक पैसा द्यावा लागला नाही. त्याबद्दल खाली विचारलंत तर लिहीन, हात अजून फार वेळ टाइप करू देत नाही.

निंबोणी

अबोलीताई, वाचताना अंगावर काटा आला, कारण हे सगळं माझ्या आईचं आहे. ती ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी इथे आली होती. मीच तिला फ्लूची लस द्यायला घेऊन गेले. त्या दिवसापासून डावा हात धरून बसते. आम्ही म्हटलं वय झालं, थंडी आहे. मागच्याच आठवड्यात ती नाशिकला परत गेली. आता पाच महिने होतील. ती व्हिजिटर व्हिसावर होती, तिला काही करता येईल का? मला फार अपराधी वाटतंय.

अबोली_न्यूजर्सी

निंबोणी, अगं तू आईला लस दिलीस ते योग्यच केलंस. टोचणाऱ्याची जागा चुकली यात तुझा काय दोष? आणि हो, अमेरिकन नागरिक असण्याची अट नाही. लस अमेरिकेत टोचलेली हवी, एवढं बघतात. आई आत्ता नाशिकला असली तरी अडत नाही. पण सहा महिने भरायचे आहेत आणि कागद एकही नाही, म्हणून आधी डॉक्टर.

वकिली_शिकागो

मी अशा दाव्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या कार्यालयात आहे. निंबोणी, तुमच्या आईसाठी नीट सांगते.

नाशिकच्या ऑर्थोपेडिकचे कागद इथे चालतात. पण ते कागद असायला हवेत. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देतात आणि तपासणीचं काहीच लिहीत नाहीत. तसं करू नका. केसपेपर मागून घ्या. त्यावर लस कुठल्या तारखेला, कुठल्या हाताला, दुखणं कधीपासून आणि हात किती अंशांपर्यंत वर जातो, हे लिहिलेलं हवं. फिजिओथेरपिस्ट असेल तर प्रत्येक दिवसाची नोंद आणि पावती घ्या. घरी येऊन मालिश करणारी बाई कितीही चांगली असली तरी तिचा कागद नसतो.

इथून फार्मसीची लसीची नोंद मागवा. तारीख, कंपनी, लॉट नंबर आणि टोचणाऱ्याचं नाव ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. कुठल्या हाताला टोचलं हे मात्र त्या बंधनात येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते चुकीचं भरलेलं असतं. आमच्याकडच्या कित्येक दाव्यांचा वेळ त्यातच जातो.

लसीच्या आधीच्या तीन वर्षांचे वैद्यकीय कागदही कोर्टाला लागतात. आईचे भारतातलेच असतील, आत्तापासून गोळा करा. त्यात कुठे जुनं खांदेदुखीचं असेल तर लपवू नका. नंतर निघालं तर सगळ्याच सांगण्यावरचा विश्वास जातो.

आणि वकिलाच्या पैशांचं. या कायद्यात वकील तुमच्या भरपाईतून टक्के कापूच शकत नाही, कायद्याने मनाई आहे. त्याची फी कोर्ट ठरवतं आणि कार्यक्रमाच्या निधीतून वेगळी मिळते. दावा हरला तरी मिळते, फक्त तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असावा लागतो. कुणी तुम्हाला तिसरा हिस्सा मागितला तर तिथून उठा.

ओहायोकर

चुकीचा हात हे आमच्याच घरी झालं. बायकोला डाव्या दंडाला लस दिली, नोंद उजव्याची. दाव्यात सरकारी बाजूने तो प्रश्न आलाच. शेवटी तिच्या सगळ्या डॉक्टरांनी पहिल्यापासून डावा खांदाच लिहिला होता म्हणून निभावलं.

हा निधी येतो कुठून असं मला वाटायचं. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर आहे. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलावर सव्वादोन डॉलर. म्हणजे गेली पंधरा वर्षं मुलांच्या प्रत्येक लसीबरोबर आपणही त्या फंडात भर घातलेली आहे. हक्काने मागावं.

१९८० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवरून खटल्यांचा पूर आला, कंपन्या लस बनवणं सोडायला लागल्या, तुटवडा होईल अशी भीती निर्माण झाली. म्हणून १९८६ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून हा कार्यक्रम सुरू झाला. आखला होता लहान मुलांसाठी. फ्लूची लस त्यात २००५ मध्ये आली आणि आता निम्म्याहून जास्त अर्ज मोठ्यांच्या खांद्याचे असतात.

सह्याद्री७२

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. लसीबद्दल आधीच इतक्या अफवा आहेत. असे धागे वाचून लोक लस घ्यायचं बंद करतील. माझ्या काकांना पोलिओ झाला होता, मला हे हलकं घेता येत नाही.

अबोली_न्यूजर्सी

सह्याद्री, राग कशाला? तुमच्या काकांचं वाचून मी लिहायची थांबलेच होते. पण पाहा, मी त्यानंतर दर ऑक्टोबरला फ्लूची लस घेतली आहे. डाव्या हाताला, बाही पूर्ण वर करून. या दुखण्यात लसीतल्या औषधाचा दोष नसतो, ते चुकीच्या जागी गेल्याचा असतो. ज्याला इजा झाली त्याचं ऐकून घेतलं, त्याला भरपाई दिली, तर तो माणूस पुन्हा लस घ्यायला जातो. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवला तर तो कधीच जाणार नाही आणि दहा जणांना सांगेल. मला सात आठवडे तेच ऐकावं लागलं.

मृदुला_फिजिओ

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट होते, आता डॅलसला आहे. शरीरात नेमकं काय होतं ते लिहिते.

खांद्याच्या टोकाला हात लावा, एक हाडाची कड लागेल. तिला अ‍ॅक्रोमिअन म्हणतात. तिच्याखाली दोन-तीन बोटं सोडून दंडाचा जो भरलेला भाग आहे तो डेल्टॉइड स्नायू. लस तिथे, काटकोनात, मांसात जायला हवी. अ‍ॅक्रोमिअनच्या लगेच खाली मात्र बर्सा नावाची पातळ पिशवी असते, स्नायू आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून. सुई वर टोचली तर लस त्या पिशवीत किंवा जवळच्या स्नायुबंधात जाते. लसीचं काम शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचं, आणि ती जागी होते ती थेट सांध्यापाशी. सूज येते, हात हलवला की दुखतं, म्हणून माणूस हात हलवत नाही, आणि न हलवल्याने सांध्याचं आवरण आखडतं. तोच फ्रोझन शोल्डर. २०१० मध्ये १३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 'सर्वा' हे नाव तिथून आलं. त्यातल्या बहुतेकांना २४ तासांच्या आत दुखणं सुरू झालं होतं.

नेहमीचं लसीचं दुखणं दंडाच्या मांसात असतं, दाबलं की दुखतं, दोन-तीन दिवसांत जातं. हे दुखणं खांद्याच्या सांध्यात असतं, हात वर किंवा मागे नेला की वाढतं आणि रात्री झोपू देत नाही. आठवड्याभरात ओसरलं नाही तर दाखवाच.

आणि बायकांनो, अबोलीताईंनी लिहिलेला तो गळा ओढायचा प्रकार. गळ्यातून खांदा बाहेर काढला की उघडा होतो तो नेमका वरचा भाग, आणि टोचणारा दिसेल तिथे टोचतो. लसीला जाताना सैल किंवा बिनबाह्यांचं घाला. टोचणाऱ्यालाही बसायला सांगा. उभ्या माणसाची सुई बसलेल्याच्या दंडावर वरच लागते. मी स्वतः खुर्ची पुढे ओढून देते आणि 'प्लीज' म्हणते, कुणी नाही म्हटलेलं नाही.

गोदाकाठ

मृदुलाताई, माझ्या वडिलांना मधुमेह आहे. खांदा लसीनंतरच धरला, पण डॉक्टर म्हणतात शुगरवाल्यांना असं होतंच.

मृदुला_फिजिओ

मधुमेहींना फ्रोझन शोल्डर जास्त होतो हे खरं आहे, आणि दाव्यात तो मुद्दा पुढे येऊ शकतो. पण तो बहुधा हळूहळू, काही आठवड्यांत येतो. अमुक दिवशी लस घेतली, त्याच हाताला, त्याच रात्री सुरू झालं, असं असेल तर ते वेगळं. म्हणूनच तारीख लिहून ठेवायची.

मनीषा_आर

मला २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर अगदी असंच झालं. अजून हात पाठीमागे जात नाही. मी आता अर्ज करू शकते का?

वकिली_शिकागो

मनीषाताई, हे लिहिताना वाईट वाटतं. कोविडची लस व्हीआयसीपीमध्ये नाही. काँग्रेसने तिच्यावर तो कर बसवल्याशिवाय ती तिथे येऊ शकत नाही. तिच्यासाठी सीआयसीपी नावाचा वेगळा कार्यक्रम आहे आणि त्यात लस घेतल्यापासून एकाच वर्षात अर्ज करावा लागतो. तिथे न्यायाधीश नाही, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फीही नाही. तुमची मुदत गेली आहे. तोच खांदा, तीच सुई, पण लस वेगळी म्हणून हक्क नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो आणि मी तो सोडून दिलेला नाही, आमच्या खासदारांना पत्रं लिहिते आहे.

पन्नाशीपुढच्या मंडळींसाठी एक : नागिणीची लसही या कार्यक्रमात नाही, कारण मुलांना किंवा गर्भवतींना सरसकट दिल्या जाणाऱ्या लसींचाच यात समावेश होतो. तिच्यामुळे खांदा धरला तर आपापल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाचा नेहमीचा दावा करावा लागतो, आणि तिथे चूक सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. मात्र फ्लू, धनुर्वात, हिपॅटायटिस या लसी आहेत. एकाच दिवशी दोन लसी घेणार असाल तर दोन वेगळ्या दंडांना घ्या आणि कुठली कुठे ते नोंदवून घ्या.

पैठणी_पुणे

इथे भारतात काय? माझ्या जावेला मागच्या वर्षी एका खासगी दवाखान्यात फ्लूची लस दिली, अजून हात धड नाही.

ज्येष्ठमध

मी ग्राहक मंचात वकिली केली आहे, म्हणून सांगतो. आपल्याकडे अमेरिकेसारखी चूक न शोधता भरपाई देणारी कायमची योजना उभी नाही. लसीनंतरच्या त्रासाची नोंद करणाऱ्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय समित्या आहेत, पण त्यांचं काम कारण शोधण्याचं, पैसे देण्याचं नाही. मार्ग उरतो ग्राहक आयोगाचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. तुमच्या जावेने पैसे मोजून लस घेतली, म्हणजे तक्रार होऊ शकते. मुदत दोन वर्षं. पण तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागेल, त्यासाठी दुसऱ्या ऑर्थोपेडिकचं लेखी मत हवं. पावती जपली आहे ना? सरकारी केंद्रात सगळ्यांना फुकट दिलेल्या लसीला हा रस्ता मिळत नाही.

लंडनची_आजी

ब्रिटनचं सांगते. इथे १९७९ च्या कायद्याने एकरकमी १ लाख २० हजार पौंड मिळतात, पण ६० टक्के अपंगत्व लागतं. आखडलेला खांदा त्यात कुठून बसायचा? माझ्या शेजारणीचा अर्ज त्याच कारणाने गेला.

ओहायोकर

आणि इथेही हे कायम राहील असं धरून चालू नका. २०२० मध्ये खांद्याची इजा तक्त्यातून काढायचा प्रस्ताव आला होता. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियमही निघाला, तीनच महिन्यांत नव्या सरकारने तो मागे घेतला. ज्यांची मुदत चालू आहे त्यांनी थांबू नये.

चाफेकळी

एक विचारते, नाव सगळीकडे येतं का? सासरी कळायला नको आहे.

वकिली_शिकागो

निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर नावासकट येतो. निकाल लागल्यापासून १४ दिवसांत खासगी वैद्यकीय तपशील झाकण्याची विनंती करता येते. ती मान्य होईलच असं नाही. वकिलाशी पहिल्याच भेटीत हे बोला.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला फोन केला, आज तो आईला घेऊन गेला. आई डॉक्टरांना म्हणायला लागली होती, 'तसं फार काही नाही हो.' भावाने तिला थांबवलं आणि हा धागा मोबाइलवर दाखवून म्हणाला, सगळं सांग. मग तिने सांगितलं की पाच महिने ती रात्री उठून खुर्चीत बसते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी इथे तिच्या शेजारच्या खोलीत झोपत होते.

केसपेपर आला आहे. तारीख, डावा खांदा, 'लस घेतल्याच्या संध्याकाळपासून', हात ७० अंशांच्या वर जात नाही. एमआरआय गुरुवारी. अबोलीताई, तुमचे ते शपथपत्राचे मुद्दे मला कळवाल का? भाऊ, वहिनी आणि मी, तिघंही लिहिणार आहोत.

अबोली_न्यूजर्सी

कळवते गं. एकेकाने आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, एकाचं दुसऱ्याने उतरवायचं नाही. तू तिच्याबरोबर फार्मसीत होतीस, म्हणून सुरुवात तुझ्यापासून. ती कुठल्या खुर्चीत बसली होती, बाही कशी होती, टोचणारा कुठे उभा होता, गाडीत काय म्हणाली, आठवेल तेवढं आजच लिहून काढ. आईला माझा नमस्कार सांग, आणि तो हात गळ्यात अडकवून ठेवू देऊ नकोस. मृदुलाताईंना विचारून हळूहळू हलवायला लावा.